व्हॅम्पायर बाजूला ठेवा, खुनी शोधा: 'डेड अनटिल डार्क' आणि 'ट्रू ब्लड'

पर्वतीपायथा

शार्लेन हॅरिसची 'डेड अनटिल डार्क' ही कादंबरी आणि तिच्यावरून एचबीओने काढलेली 'ट्रू ब्लड' ही मालिका, या दोन्हींवर मनसोक्त बोलायला हा धागा. एकच विनंती: खुनी कोण, हे कुणी उघड करू नका. बाकी सगळं चालेल.

मला जे म्हणायचंय ते एवढंच, की ही मुळात अस्सल रहस्यकथा आहे. दुकानात तिला भुताखेतांच्या नाहीतर प्रेमकथांच्या फळीवर ठेवतात आणि अट्टल रहस्यकथावाले तिकडे फिरकतच नाहीत. २००१ मध्ये पुस्तक आलं आणि त्याला पेपरबॅक रहस्यकादंबरीचा अँथनी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार रहस्यकथांच्या दर्दी मंडळींचा आहे, भयकथांचा नव्हे. हॅरिसबाई तोवर जवळपास वीस वर्षं रहस्यकथाच लिहीत होत्या. छोटं गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे, त्यात एक खून आणि नको तिथे नाक खुपसणारी नायिका, हा त्यांचा हातखंडा. इथे त्यांनी त्याच गावात एक व्हॅम्पायर आणून बसवला.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत लुइझियाना राज्याच्या उत्तरेला बॉन टाँ नावाचं काल्पनिक गाव. जपान्यांनी कृत्रिम रक्त शोधलंय, ते बाटलीत मिळतं, त्यामुळे व्हॅम्पायर आता उघडपणे माणसांत वावरतात. सुकी स्टॅकहाउस ही 'मर्लॉट्स' नावाच्या बारमध्ये वेट्रेस. आईवडील लहानपणीच गेले, ती आजीजवळ राहते. तिला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. आणि गावात एकेका बाईचा गळा आवळून खून होतोय. मेलेल्या बायकांच्या अंगावर व्हॅम्पायरच्या चाव्याच्या खुणा आहेत आणि त्यांचे सुकीच्या भावाशी, जेसनशी, संबंध होते. पोलीस जेसनच्या मागे, गाव व्हॅम्पायरच्या मागे.

मनातलं ऐकू येणारी नायिका असताना खुनी सापडत का नाही? हा प्रश्न मनात धरून वाचा. सगळी गंमत त्यात आहे.

उंबरठ्याबाहेर

अहो, किती दिवस वाट बघत होते या धाग्याची!

त्या प्रश्नाचं उत्तर हॅरिसबाईंनी पहिल्याच प्रकरणात पेरून ठेवलंय. सुकी या शक्तीला शक्ती म्हणतच नाही, ती तिला स्वतःचं अपंगत्व म्हणते. शाळेत बाईंच्या मनातलं ऐकू येत असताना अभ्यास कसा करायचा? एखाद्या मुलाबरोबर बाहेर गेली, तर समोरचा आपल्याबद्दल काय विचार करतोय हे सगळं कानावर आदळतं. म्हणून ती सतत मनाची दारं लावून घेते, ऐकायचं नाही असं ठरवून वावरते. लोकांच्या मनात डोकावणं तिला असभ्यपणाचं वाटतं. म्हणजे खुनी रोज तिच्या टेबलावर बिअर पिऊन जात असला तरी ती सभ्यपणापायी ऐकत नाही.

आणि मग बिल कॉम्प्टन येतो. व्हॅम्पायर. त्याच्या मनातलं तिला काहीच ऐकू येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा शांतता. ती त्याच्या प्रेमात का पडते, याचं इतकं पटणारं कारण मी दुसऱ्या कुठल्याच व्हॅम्पायर कथेत वाचलेलं नाही. देखणेपणा नाही, गूढपणा नाही. त्याच्याजवळ बसलं की डोकं शांत होतं, बस्स.

कूटप्रश्न_आवडे

माझा जीव रहस्यकथांत. व्हॅम्पायर वगैरे वाचत नाही, तरी मित्राने बळेच हातात दिलं आणि एका बैठकीत संपवलं. धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत.

रहस्यकथेचा न्याय असा, की वाचकाला जे दिसायला हवं ते सगळं आधी दिसलेलं असावं. इथे तो पाळलाय. खुनी पहिल्या काही प्रकरणांत येतो, बोलतो, मदत करतो, निघून जातो. त्याच्याबद्दलची एक महत्त्वाची माहिती भर गप्पांत सांगून टाकलीये आणि आपण ती ओलांडून पुढे जातो, कारण आपलं लक्ष बिलच्या सुळ्यांवर असतं. व्हॅम्पायर हा हॅरिसबाईंनी उभा केलेला सगळ्यांत मोठा चकवा आहे.

आणि चकवाही फसवा नाही. बिल खरोखर माणसं मारतो! रॅट्रे नवरा-बायको बिलचं रक्त काढून विकायला निघाले होते (माणसाला व्हॅम्पायरचं रक्त नशेसारखं चढतं). सुकीने साखळी घेऊन त्यांना हाकललं, नंतर त्यांनी सुकीला गाठून मारहाण केली, आणि मग बिलने त्या दोघांचं काय केलं ते आपल्याला कळतं. तोही पुरावा असा मिटवतो, की चक्रीवादळ येऊन गेलं असं गावाला वाटावं. त्यामुळे 'बिल असेल का?' ही शंका शेवटपर्यंत खरी राहते. प्रेमकथेत नायकावर इतका खरा संशय ठेवायला धाडस लागतं.

पर्वतीपायथा

अगदी! वादळाचं ते प्रकरण मी पहिल्या वाचनात फक्त 'बिलने सूड घेतला' म्हणून वाचलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना कळतं, की तिथे लेखिका आपल्याला सांगतेय: हा माणूस खून लपवू शकतो, लक्षात ठेवा.

उंबरठ्याबाहेर, तुमचा सभ्यपणाचा मुद्दा फार आवडला. पुढे भावाला वाचवायचं म्हणून ती मुद्दाम बारमध्ये एकेकाच्या मनात शिरायला लागते ना, तिथे तिला होणारा त्रास आठवा. लोकांच्या डोक्यात खुनाचा सुगावा कुठे असतो? घराचा हप्ता, बायकोशी भांडण, शेजारणीबद्दलचे घाणेरडे विचार, सुकीबद्दल कीव. तो सगळा गाळ उपसल्यावर हातात फारसं काही येत नाही. गुप्तहेराच्या कष्टांचं इतकं खरं वर्णन!

कर्वेनगर_रात्रपाळी

मी मालिकेच्या बाजूने बोलणार. पुस्तक चांगलं आहेच, पण 'ट्रू ब्लड'चा पहिला सीझन ही वेगळीच उंची आहे.

अ‍ॅलन बॉलने काढली आहे मालिका. 'अमेरिकन ब्यूटी' लिहिणारा, 'सिक्स फीट अंडर' करणारा. दाताच्या डॉक्टरकडे लवकर पोचला म्हणून पुस्तकांच्या दुकानात शिरला आणि तिथे हे पुस्तक हाती लागलं, असं त्यानेच सांगितलंय. सप्टेंबर २००८ मध्ये पहिला भाग आला, २०१४ मध्ये शेवटचा. सात सीझन, ८० भाग. पहिल्या सीझनचे बारा भाग म्हणजे जवळजवळ पूर्ण 'डेड अनटिल डार्क'.

पण बॉलने केलं काय? पुस्तक सुकीच्या तोंडून आहे. तिला जे दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. मालिकेत कॅमेरा सुकीला सोडून गावात फिरतो. आणि त्यामुळे आपल्याला लाफायेत मिळतो! पुस्तकात तो बारचा आचारी आहे, येतो जातो. मालिकेत नेल्सन एलिसने त्याचं जे केलंय त्याला तोड नाही. स्वयंपाकघरातून रंगीत फडकं बांधून बाहेर येतो, ज्या टेबलावरच्या लोकांनी त्याने बनवलेला बर्गर 'असल्या माणसाच्या हातचा' म्हणून परत पाठवलाय तिथे जातो, कानातले डूल काढून ठेवतो आणि त्यांचा समाचार घेतो. तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. एलिस २०१७ मध्ये गेला, फार लवकर गेला.

टॅरा मालिकेत पहिल्या भागापासून आहे, सुकीची बालमैत्रीण म्हणून. पुस्तकातली टॅरा नंतर येते आणि ती पूर्ण वेगळी बाई आहे. जेसिका ही तरुण व्हॅम्पायर तर पुस्तकात नाहीच! आणि मालिका बघणाऱ्या कुणालाही विचारा, आवडत्या तिघांत जेसिका असतेच.

कूटप्रश्न_आवडे

कर्वेनगर, लाफायेत-जेसिका मान्य. पण किंमत मोजावी लागली आणि ती रहस्याने मोजली. कॅमेरा सगळीकडे फिरणार म्हटल्यावर खुनी असलेल्या खोलीतही जाणार. मग त्याला जाताना काहीतरी लपवावं लागतं. पुस्तकात सुकीला माहीत नाही म्हणून आपल्याला माहीत नाही, त्यात लपवाछपवी नाही. मालिकेत दिग्दर्शकाला माहीत आहे आणि तो सांगत नाही. दोन्हींत फरक आहे.

शिवाय मालिकेने खुन्याला जो पूर्वेतिहास जोडलाय, तो मला अनावश्यक वाटला. पुस्तकातला खुनी गावचाच, साधा, आणि म्हणून जास्त अंगावर येणारा.

कर्वेनगर_रात्रपाळी

त्या पूर्वेतिहासामुळेच पुन्हा बघताना मजा येते असं माझं मत. एकदा कळलं की मागे जाऊन त्याची बोलण्याची ढब ऐका. नटाने काय बारीक काम केलंय! याहून जास्त बोलत नाही, धाग्याचा नियम.

बोलण्यावरून आठवलं, या मालिकेत दक्षिणी अमेरिकन उच्चार करणारे निम्मे लोक परदेशी. सुकी झालेली अ‍ॅना पॅक्विन न्यूझीलंडमध्ये वाढलेली, बिलचा स्टीफन मोयर इंग्लिश, जेसनचा रायन क्वांटन ऑस्ट्रेलियन, एरिक या व्हॅम्पायरचा अलेक्झांडर स्कार्सगार्ड स्वीडिश. पॅक्विनला २००९ मध्ये यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं. तिने वयाच्या अकराव्या वर्षी ऑस्कर घेतलं होतं हेही सांगून ठेवतो.

जुनी_शनिवार_पेठ

मुलांनो, मी वयाने बहुधा तुम्हा सगळ्यांत मोठी. नातीने मला ही मालिका लावून दिली होती. दोन-तीन ठिकाणी तीच उठून पाणी आणायला गेली, मी आपली बघत बसले.

आमची पिढी नारायण धारपांवर वाढली. पुण्याचेच ते. त्यांची 'लुचाई' वाचली नसेल तर आधी ती वाचा, मराठीत रक्तपिपासूची तशी कादंबरी नाही. तिच्यामागे स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ची प्रेरणा आहे, पण धारपांनी ती इतकी आपल्या मातीत रुजवली की रात्री खिडकीची कडी पुन्हा तपासावीशी वाटायची. मतकरींच्या 'गहिरे पाणी'चे भागही आठवतात. या सगळ्यांत बाहेरून काहीतरी येतं आणि घर पोखरतं. हॅरिसबाईंच्या पुस्तकात मला उलटं दिसलं. बाहेरून जो आला तो सरळ समोरच्या दाराने येतो, परवानगी मागून. वाईट जे आहे ते गावातलंच, रोज राम राम करणारं.

पण मला खरं बोलायचंय ते आजीबद्दल. अ‍ॅडेल. मालिकेत लॉइस स्मिथने केलीये. नात म्हणते 'मला एक व्हॅम्पायर भेटला', तर या बाईचा पहिला प्रश्न काय? तो किती जुना आहे, अमेरिकेचं यादवी युद्ध त्याने पाहिलंय का! तिचं एक मंडळ आहे, त्या युद्धात लढलेल्यांच्या वंशजांची. तिला वाटतं, जो त्या युद्धात स्वतः होता तो आपल्या मंडळात व्याख्यान द्यायला आला तर काय बहार होईल. आणि बिल येतो, आणि सांगतो. कुणाच्या तरी पूर्वजाचं नाव निघतं आणि तो म्हणतो, हो, मी ओळखत होतो त्याला. आणि तो कसा मेला हे सांगतो.

मी ते वाचून पुस्तक मिटवून बसले. अहो, आपल्याकडे वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली तेव्हापासून या गावाला व्याख्यानांचं वेड. कल्पना करा, १७६१ च्या पानिपतातून जिवंत राहिलेला एक जण भारत इतिहास संशोधक मंडळात येऊन बसलाय आणि म्हणतोय, 'विचारा.' सदाशिव पेठेत पाय ठेवायला जागा उरणार नाही. तो रक्त पितो की काय पितो, कुणी विचारणार नाही! आधी प्रश्न येतील भाऊसाहेबांचं शेवटी काय झालं, विश्वासरावांना गोळी कुठे लागली. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठून आपल्या पूर्वजाचं नाव घेईल आणि विचारेल, 'आमचा गणोजी दिसला होता का हो तिथे?'

म्हणून मला ती आजी परकी वाटलीच नाही.

उंबरठ्याबाहेर

काकू, काय लिहिलंत! गणोजीच्या वाक्याला डोळ्यांत पाणी आलं.

मालिकेत तोच प्रसंग चर्चमध्ये घेतलाय. बायका घाबरून मोठा क्रूस हलवायला बघतात, तो निघत नाही, म्हणून त्याच्यावर झेंडा पांघरतात. बिलला क्रूसाचं काहीच होत नाही. आणि मग त्याच्या हातात त्याच्याच बायकोमुलांचा जुना फोटो ठेवतात. त्याला भरून येतं आणि सभागृह गप्प. पुस्तकात नसलेली अशी भर घातली तर माझी काहीच तक्रार नाही.

गरवारे_पुलाखाली

नवीन आहे मी इथे. मालिकेचे चार भाग झालेत. पुस्तक आधी वाचू की मालिका पुढे नेऊ? आणि घरी आईबाबांसोबत बघण्यासारखी आहे का? पहिला भाग तर मी घाईघाईने बंद केला.

कर्वेनगर_रात्रपाळी

आईबाबांसोबत अजिबात नको. एकट्याने, हेडफोन लावून. शरीरसंबंध आणि रक्तपात दोन्ही भरपूर आहे आणि दोन्ही न कापता दाखवलंय. पुस्तकात त्यातलं बरंच सौम्य आहे.

कूटप्रश्न_आवडे

गरवारे, तिथेच थांब आणि पुस्तक घे. कळकळीने सांगतो. खुनी कोण हे फक्त एकदाच कळतं, ते पुस्तकात कळू दे. तीनशे पानांच्या आतलं आहे, भाषा सोपी, दोन-तीन रात्रींत होतं. अप्पा बळवंत चौकात नवं कुणीही मागवून देईल, पण आधी जुन्या पुस्तकांच्या ढिगांत बघ. या मालिकेच्या पुस्तकांवर टीव्हीचं चित्र असलेल्या आवृत्त्या खूप निघाल्या, त्या स्वस्तात हाती लागतात. मागचं मलपृष्ठ मात्र वाचू नकोस.

गरवारे_पुलाखाली

ठीक! आजच बघतो.

पर्वतीपायथा

गरवारे, तुम्ही चार भागांवर थांबलात हे फार बरं झालं. पुढे जे आहे ते आधी कागदावर भेटावं.

[इथून पुढे आजीबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.]

काकूंनी आजीचा विषय काढला म्हणून हे लिहिते. अ‍ॅडेलचा खून होतो. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. आणि खुनी तिच्यासाठी आलेलाच नसतो, सुकीसाठी आलेला असतो. पुस्तकाचा कणा इथे आहे. तोवर मेलेल्या बायकांबद्दल गाव काय म्हणत होतं? 'व्हॅम्पायरांच्या मागे लागलेल्या होत्या, त्यांच्या कर्माने गेल्या.' आजी गेल्यावर ते तोंड बंद होतं. रहस्यकथेत मृतदेह बरेचदा कोड्याचा तुकडा असतो, तो इथे एकदम माणूस होतो.

मालिकेतला त्यानंतरचा भाग मी कधीच विसरणार नाही. घर माणसांनी भरलंय, प्रत्येकाने पदार्थ आणलेत, आणि सुकीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतंय. तोंडाने 'फार वाईट झालं' आणि मनात 'हिच्यामुळेच गेली म्हातारी'. एक बाई फ्रिजमधली 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) उचलते. आजीने केलेली पेकन पाय, अर्धीमुर्धी राहिलेली. सुकी ओरडते, तिला हात लावू नका. सगळे थिजतात. मग अंत्यविधी होतो, लोक जातात. ती एकटी टेबलाशी बसते, ताटली समोर ओढते आणि खायला लागते. घास घेते, चावते, रडते, पुन्हा घास घेते. संवाद नाही. पॅक्विन सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाते. कारण त्या हाताची चव आता पुन्हा मिळणार नाही, आणि ते तिला प्रत्येक घासाला कळतंय.

पुस्तक जास्त चांगलं की मालिका, या वादात मी पुस्तकाकडून आहे. पण हा प्रसंग मालिकेचा आहे आणि तो कुठल्याही पुस्तकाच्या तोडीचा आहे.

जुनी_शनिवार_पेठ

बरोबर लिहिलंस ग. आमच्या आईने घातलेल्या लोणच्याची बरणी ती गेल्यावर वर्षभर तशीच ठेवली होती मी.

तळजाईचा_मोर

एक वेगळा मुद्दा. मालिकेत व्हॅम्पायरांच्या हक्कांची चळवळ, त्यांच्याविरुद्ध धर्माच्या नावाने उभी राहिलेली 'फेलोशिप ऑफ द सन', टीव्हीवरच्या चर्चा, हे सगळं समलिंगी लोकांच्या आणि वर्णभेदाच्या लढ्यावरून उचललंय हे उघड आहे. सुरुवातीच्या शीर्षकांतच द्वेषाची पाटी दिसते. पण मला ते खटकतं. ज्या माणसांचा खरोखर छळ झाला त्यांनी कुणाचं रक्त प्यायलं नव्हतं. व्हॅम्पायर पितात. त्यांची भीती वाटणारे लोक सगळेच मूर्ख कसे? मग त्या लढ्याशी तुलना करून आपण खऱ्या पीडितांवर अन्याय करतो.

उंबरठ्याबाहेर

तळजाई, मुद्दा वजनदार आहे आणि मलाही छळतो. पण पहिल्या कादंबरीपुरतं बघा. गावाला जी भीती वाटते ती रक्ताची नाही. बिल पहिल्यांदा बारमध्ये येतो तेव्हा तिथे कृत्रिम रक्त आलेलं नसतं, तर तो समोर काहीतरी असावं म्हणून वाइनचा पेला मागवतो आणि न पिता बसून राहतो. त्या पेल्यामागे बसलेल्या माणसाला कुणी घाबरत नाही. लोकांचं पित्त खवळतं ते गावातली मुलगी त्याच्याशी बोलायला लागते तेव्हा. खून झालेल्या बायकांचा गुन्हाही तोच ठरवलेला. कुणी कुणाबरोबर जावं हे गाव ठरवणार आणि न ऐकणारीला शिक्षा देणार. हे वाचायला लुइझियानाला जावं लागत नाही, आपल्या वर्तमानपत्रात जात-धर्माबाहेर लग्न केलेल्या मुलींच्या बातम्या येतातच की. म्हणून मी ते व्हॅम्पायरांच्या हक्कांचं पुस्तक म्हणून वाचत नाही, त्या मुलींचं पुस्तक म्हणून वाचते.

तळजाईचा_मोर

हे असं पाहिलं नव्हतं कधी. पुस्तकापुरतं पटलं. मालिकेच्या पुढच्या सीझनबद्दल माझा आक्षेप कायम.

कर्वेनगर_रात्रपाळी

पुढच्या सीझनबद्दल माझाही आहे, वेगळ्या कारणाने. दुसऱ्या सीझनपर्यंत गाडी रुळावर आहे. चौथ्यात एरिक स्मृती हरवतो ते पुस्तकातलंच आणि छान जमलंय. पाचव्यानंतर बॉल बाजूला झाला आणि मग इतकी पात्रं, इतके जीव (लांडगे, चेटकिणी, पऱ्या, काय नाही!) की बॉन टाँ हे गाव राहिलंच नाही. मर्लॉट्समध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतं हे मला पहिल्या सीझनमध्ये पाठ होतं. शेवटी शेवटी बार दिसायचाही नाही.

कूटप्रश्न_आवडे

कारण गाव संपलं की रहस्यकथा संपते. संशयित मोजके हवेत, आपल्या ओळखीचे हवेत. तेराही पुस्तकांत (शेवटचं २०१३ चं) हॅरिसबाई जमेल तेव्हा कुणाचा तरी खून करून सुकीला कामाला लावतात. पहिल्या पुस्तकातली बारमधल्या अफरातफरीची कथा आठवा. श्रेव्हपोर्टमध्ये एरिकचा 'फँगटेझिया' बार, तिथून साठ हजार डॉलर गायब. एरिक सुकीला बोलावतो आणि नोकरांना एकेक करून समोर बसवतो. ती हात धरून मनातलं ऐकते. मोठ्या रहस्याच्या पोटात एक छोटं, पूर्ण सुटणारं रहस्य. आणि सुकीची अट बघा: चोर माणूस निघाला तर त्याला पोलिसांत द्यायचं, मारायचं नाही. सुळे दाखवणाऱ्या हजार वर्षांच्या एरिकसमोर एक वेट्रेस ही अट घालते. तिथे ती माझ्यासाठी पक्की गुप्तहेर झाली.

उंबरठ्याबाहेर

आणि बब्बा! मालिकेत बब्बा नाही याचं दुःख मला कायमचं. बब्बा म्हणजे व्हॅम्पायर झालेला एक जगप्रसिद्ध गायक, कोण ते वाचलेल्यांना कळेल. शवागारातला कर्मचारी व्हॅम्पायर आणि त्या गायकाचा निस्सीम चाहता, म्हणून त्याने जाता जाता त्याला 'परत आणलं', पण डोक्यात काहीतरी कायमचं बिघडलं. त्याला खऱ्या नावाने हाक मारायची नाही, नाहीतर तो अस्वस्थ होतो. गाणं म्हण असं सहसा सांगायचं नाही, पण मनात आलं तर तो गातो. पहिल्या पुस्तकात सुकीच्या घराबाहेर पहारा द्यायला त्यालाच बसवतात. जग ज्याच्यासाठी अजून रडतं तो अंधारात झाडीत बसून एका वेट्रेसची राखण करतोय. हॅरिसबाईंची माया अशा ठिकाणी दिसते.

जुनी_शनिवार_पेठ

तो कोण हे मला नातीने सांगितल्यावर कळलं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत त्याच्या तबकड्या कॅम्पातल्या इराण्याकडे वाजायच्या.

गरवारे_पुलाखाली

पुस्तक मिळालं! टीव्हीचं चित्रवालंच, कुणीतरी आत पेन्सिलीने संशयितांची नावं लिहून एकेकावर काट मारलेली. मी ती पानं झाकून वाचतोय. वादळापर्यंत आलोय. माझा संशय सॅमवर आहे. बारचा मालक, सगळ्यांना ओळखतो, आणि काहीतरी लपवतोय हे नक्की.

कूटप्रश्न_आवडे

काहीतरी लपवतोय हे बरोबर ओळखलंस. कॉली कुत्र्याकडे लक्ष ठेव. बाकी काही सांगत नाही.

पर्वतीपायथा

पेन्सिलीच्या नावांचं पान संपल्यावर इथे टाका, कुठल्या पुणेकराने कुणाला कधी काट मारली ते बघायला फार आवडेल. आणि दुसरं पुस्तक ('लिव्हिंग डेड इन डॅलस') लगेच उघडू नका. त्याच्या पहिल्याच पानांत लाफायेतबद्दल जे आहे ते मालिकेच्या अगदी उलट आहे. मालिकेचा पहिला सीझन पुरा करा, लाफायेत मनसोक्त बघून घ्या, मग दुसरं पुस्तक. माझ्याकडे पहिली चार आहेत, डेक्कनच्या बाजूला कुणाला हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काकू, तुमच्या नातीला पाठवा, मी 'लुचाई'च्या बदल्यात देईन. माझी प्रत कुणीतरी नेली ती परत आलीच नाही.

जुनी_शनिवार_पेठ

'लुचाई' देते, पण पावसात आणू नकोस ग, बांधणी सैल झालीये. रविवारी सकाळी ये घरी.